सकूचं तोंड

सकू उठली की पाड्याला कळायचं. चुलीत पहिलं लाकूड सारता सारता तिचं तोंड सुरू व्हायचं. लाकडं ओली आणलीत. धूर सगळा डोळ्यांतच येतो. गुडघ्यात कोणी खिळा ठोकलाय. नागली जाडी दळली, भाकरीला चिरा जातात. गोजाबाईच्या शेळीनं पुन्हा कुंपणात मान घातली. हे ती कोणाला उद्देशून म्हणत नसे. भांडण नव्हतं, शिवी तर तिच्या तोंडात कधी आलीच नाही. हात कामात असायचे आणि तोंड आपल्या चालीनं चालत राहायचं. दिवस मावळेपर्यंत सुरूच.

हेदपाडा सूर्यमाळच्या खालच्या अंगाला, मोखाड्याच्या डोंगरात. सतरा घरं, एक विहीर. तिचा नवरा, सावळा, जाऊन बारा वर्षं झाली होती. मुलगा हेमराज आईच्या बोलण्यात वाढला, त्यामुळे त्याला ते ऐकूच येत नसे. फार झालं तर टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर पडायचा. सून कविता साखरशेतची. तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हा बायका म्हणाल्या होत्या, "सकूला बरी मिळाली. हिला तोंडच नाय." कविता खरंच कमी बोलायची. विचारलं तर उत्तर द्यायची, नाही विचारलं तर नाही. सकूला तेही खुपायचं. "घरात मानूस हाय का खांब हाय, काय कळत नाय," असं ती भाकरी थापता थापता म्हणायची.

यंदा होळी झाली आणि विहिरीचा तळ दिसायला लागला. मग टँकर सुरू झाला. एक दिवसाआड यायचा, विहिरीच्या कठड्याला मोठा पाइप लावून पाणी आत सोडायचा. पाणी खाली पडलं की तळाचा गाळ वर यायचा आणि बायका तो चहासारखा रंग निवळेपर्यंत थांबायच्या. फार थांबणं परवडायचं नाही, कारण दुपारपर्यंत विहीर पुन्हा कोरडी. चालक तुका जव्हारकडचा होता, हसतमुख. त्याच्याजवळ एक वही असायची. खेप टाकली की पाड्यातल्या एका बाईचा अंगठा त्या वहीत घ्यायचा. विहिरीच्या सगळ्यात जवळचं घर सकूचं, म्हणून अंगठा बहुतेक वेळा सकूचाच.

"ह्यां पानी हाय का गटार?" सकू म्हणायची. "आन एवढंसंच? मागल्या वर्षी तळापासून तिसऱ्या दगडाला टेकायचं. आता दोन हात बी नाय चढत. वास बघ कसा येतो."

"आजी, तुझं बोलणं ऐकायलाच मी येतो," तुका शाईची डबी उघडून पुढं करायचा. "बोल तू. बोल आन अंगठा दे."

सकू बोलत बोलत अंगठा शाईत बुडवायची, बोलत बोलत वहीवर टेकवायची, आणि शाई लुगड्याला पुसताना शाईबद्दलही काहीतरी म्हणायची.

त्याच दिवसांत कविताचा हात कापला. बादलीची कडी तुटली होती, हेमराजनं तिथं तार वळवून लावली होती. कविता वर आलेली बादली धरत होती, मागून कोणाचा तरी धक्का लागला, दोर सुटला आणि तार तळहातात शिरली. करंगळीच्या बुडाशी. तिनं हात तोंडात धरला, पदराची चिंधी फाडून बांधली आणि हंडा डोक्यावर घेऊन घरी आली. हंड्यात पाणी दोन बोटं कमी होतं. सकूनं ते पाहिलं. चिंधी पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी भाकऱ्या वेड्यावाकड्या झाल्या. तिसऱ्या दिवशी कविता डाव्या हातानं झाडत होती. सकू म्हणाली, "हल्लीच्या पोरींना झाडू धरता येत नाय. आमच्या टायमाला सासू हातावर निखारा ठेवायची." कवितानं एकदा मान वर केली. काही सांगावं असं तिच्या ओठांवर आलंही असेल. पण सकूचं निखाऱ्यावरून सरपणावर आणि सरपणावरून मोहाच्या फुलांवर गेलं होतं. यंदा मोह गळला नाही, गळला तो दुसऱ्यांनी वेचला. मध्ये शिरायला फट नव्हती. कविता पुन्हा खाली वाकली.

पाचव्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही. हेमराजनं अंगाला हात लावला तर अंग तव्यासारखं. चिंधी सोडली. हात कोपरापर्यंत सुजलेला, करंगळी काळी. हेमराजनं तिला पाठीवर घेतलं आणि रस्त्यापर्यंत उतरला. मागून सकू, एका हातात चपला, एका हातात कविताचं आधारकार्ड. दवाखाना येईपर्यंत ती बोलत होती. जीपला उशीर, ऊन केवढं, चालक हळू. हेमराजनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दवाखान्यात डॉक्टर बाई तरुण होत्या. हात बघून त्यांचा चेहरा उतरला. "पाच दिवस हे असं आहे? आणि कुणाला सांगितलं नाही?"

कविता म्हणाली, "सांगनार होते."

"मग?"

कविताचे डोळे एकदा सकूकडे गेले आणि पलंगाच्या लोखंडी पायावर येऊन थांबले.

हेमराज म्हणाला, "कवा सांगनार, मॅडम? सांगायला घरात जागा लागते. आमच्या घरात सगळी जागा भरलीय."

तो ओरडला नव्हता. ओरडला असता तर सकूनं उत्तर दिलं असतं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. शेजारच्या खाटेवरची बाई तिच्याकडे बघत होती. बराच वेळ सकूला हातातल्या चपला कुठं ठेवाव्यात ते कळेना.

हात वाचला. करंगळीची दोन पेरं गेली.

घरी आल्यावर पंधरा दिवस हेमराज आईशी कामापुरतं बोलला. सकू आपल्या परीनं सून जपू लागली. पेज करून द्यायची, अंघोळीचं पाणी कढवायची. पण हे करतानाही तोंड थांबत नव्हतं. पेज पातळ झाली, चूल नीट लागत नाही, तांदळाला टोका पडला. तिला वाटायचं आपण काम करतोय तेवढं पुरे. पट्टी निघाली त्याच्या तिसऱ्या दिवशी हेमराजनं पिशवी भरली. भिवंडीकडं एका इमारतीचं काम चालू होतं, पाड्यातला लहान्या आधीच तिथं होता. एरवी लोक दिवाळीनंतर जातात आणि ह्या दिवसांत परत येतात. हा उलटा निघाला होता.

"आता कोन जातं कामाला?" सकू म्हणाली. "राब भाजायचा कोनी? पानी कोनी भरायचं? तिचा हात तसा, आन तिला घेऊन चाललाय सिमेटात."

"तिला तिथं बरं वाटंल," हेमराज म्हणाला.

"पावसात भाताच्या आवनीला येशाल ना?"

"बघू."

सकू जीपपर्यंत गेली. वाटेत पिशवीचा बंद तुटकाय म्हणाली, जीपवाला जास्त माणसं कोंबतो म्हणाली, लहान्याचा भरवसा नाही म्हणाली. कविता वाकून पाया पडली. पायाला लागलेल्या त्या हातावर चारच बोटं धड होती. सकूच्या तोंडात जे काही चाललं होतं ते अर्धवट राहिलं. जीप वळणाआड गेल्यावर ते तिला आठवेना.

पहिले दोन दिवस तिचं तोंड चालूच राहिलं. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना ते आपोआप बंद पडलं. सकूला आधी कळलंच नाही. मग तिला चुलीतल्या लाकडाचा तडतड आवाज ऐकू आला, कौलांवर पाल चालल्याचा आवाज आला, लांब कुठंतरी कुऱ्हाड चालत होती तिचा आवाज आला. घर एवढं मोठं असल्याचं तिला माहीत नव्हतं. ती अर्धी भाकरी तव्यावर सोडून बाहेर आली आणि ओट्यावर बसली. गुडघा दुखत होता. दुखतो असं सांगायला समोर कोणी नव्हतं, तर तो नुसताच दुखत होता.

ती गोजाबाईकडं गेली. गोजाबाई तिच्याच वयाची, शेजारीण, लग्न होऊन दोघी एकाच वर्षी पाड्यात आलेल्या. गोजाबाई दारात करवंदं निवडत बसली होती. सकूला पाहून ती उठली. "ये गं. मी जरा शेळी सोडायला चाललीय." शेळी मागं खुंट्याला नव्हतीच, ती मघाशीच रानात गेलेली सकूनं पाहिली होती. सकू म्हणाली, "जा तू. मी अशीच आलते." आणि परत आली. दुसऱ्या दिवशी विहिरीकडं जाताना ती कारवीच्या कुडाआड होती, तेव्हा पाड्यातल्या बायडीचा आवाज आला, "या गं, भराभर भरा. सकू यायच्या आत निघू. नायतर कान बधिर." बायका हसल्या. सकू तिथंच थांबली. त्या गेल्यावर पुढं झाली. विहिरीत गाळ तेवढा राहिला होता.

राबासाठी पालापाचोळा हवा होता. भात पेरायच्या तुकड्यावर पाला पसरून भाजायचा तर तो गोळा करायला वरच्या माळावर जावं लागतं. सकू एकटीच जाऊ लागली. माळावरून खालचा रस्ता सगळा दिसतो, सापासारखा वळत आलेला. एका सकाळी ती पाल्याचा भारा बांधत होती तेव्हा तिला टँकर दिसला. पाड्याच्या अलीकडे एक वळण आहे, तिथं शहरातल्या कोणाचा तरी बंगला बांधला जात होता. टँकर तिथं थांबला. बंगल्याच्या मागं काळ्या टाक्या होत्या. तुका खाली उतरला, पाइप ओढला. सकू उभी राहून बघत होती. बराच वेळ पाइप तसाच होता. मग तो गुंडाळून टँकर पाड्याकडं आला.

ती धावली नाही, गुडघ्यांमुळे धावता येत नव्हतं. विहिरीवर पोचली तेव्हा पाणी सोडून झालं होतं आणि तुका वही घेऊन तिचीच वाट बघत होता.

"आजी कुठं गेल्ती? तुझ्याविना करमत नाय."

सकूनं अंगठा दिला. सवयीनं. तो गेल्यावर ती बायकांना म्हणाली, "तिकडं वळनावर त्यानं पानी उतरवलं. अर्धा टँकर. मी बघितला."

बायडी हंडा उचलत म्हणाली, "परवा म्हनलीस पान्याला डिझेलचा वास येतो. त्याच्या आधी म्हनलीस तुझी कळशी कोनी बदलली. कळशी तुझ्याच माळ्यावर होती."

"ह्यां खरं हाय."

"तुझं रोजच खरं असतं," बायडी म्हणाली. रागानं नाही, घाईत. तिला घरी जायचं होतं.

सकू कठड्यावर बसून राहिली. तिला हुंदका आला नाही. एवढं दिसलं की आपण आयुष्यभर जे बोललो त्याच्या ढिगाखाली आज हे एक बोलणं गाडलं गेलं, आणि तो ढीग दुसऱ्या कोणी रचलेला नाही.

दुसऱ्या दिवशी ती मोखाड्याला गेली. धुतलेलं लुगडं नेसून, जीपनं. कचेरीत टँकरचं काम बघणारे कारकून होते, चष्मा कपाळावर चढवलेले, समोर कागदांची चळत. पंखा बंद होता. सकू अर्धा तास उभी राहिली. मग त्यांनी विचारलं, "बोला आजी, काय तक्रार?"

आणि सकूचं तोंड सुरू झालं. विहीर किती खोल होती आणि सावळ्यानं ती खणताना कसा पाय मोडून घेतला. पाण्याला वास. गाळ. गुडघे. बादलीची कडी, सुनेचं बोट, मुलगा भिवंडीला, राब भाजायला माणूस नाही. शेळी कुंपणात. तुका हसतो. बायका ऐकत नाहीत. कारकुनांनी दोनदा पेन उचललं आणि दोनदा खाली ठेवलं.

"आजी, थांबा. ह्यातलं मी लिहू काय? कुंपण आमच्याकडं येत नाही. बोटाचं दवाखान्यात सांगा."

"पानी," सकू म्हणाली. "पानी अर्धं येतं."

कारकुनांनी मागच्या कपाटातून कागद काढले. गेल्या महिन्याची पानं होती. त्यांनी एक पान तिच्यापुढं फिरवलं. ओळीनं निळे अंगठे. "हेदपाडा. सगळ्या खेपा पूर्ण. हे अंगठे कुणाचे?"

सकूला वाचता येत नव्हतं. पण स्वतःचा अंगठा तिनं ओळखला. लहानपणी विळा लागून मध्ये आडवा वण पडलेला, तो प्रत्येक ठशात पांढऱ्या रेघेसारखा उमटला होता. एका पानावर सात. तिनं पान उलटलं. मागेही होते.

"माझे," ती म्हणाली.

"मग? पूर्ण टँकर मिळाला म्हणून तुम्हीच अंगठा देता आणि तुम्हीच इथं येता." कारकून वाईट नव्हते, दमलेले होते. रांगेतला एक माणूस फस्सकन हसला. सकूच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ती बाहेर आली आणि एसटी थांब्याच्या सावलीत बसली. परतीची जीप भरेपर्यंत तिनं आपला अंगठा दोन-तीनदा उलटासुलटा करून पाहिला. तोंड इतकी वर्षं चाललं आणि काम मात्र ह्यानं केलं. तेही उलटं.

पुढच्या खेपेला तुकानं डबी उघडली तेव्हा सकूनं हात पदराखाली घेतला.

"काय झालं आजी?"

"नाय देनार."

"का गं?"

एरवी ती तासभर बोलली असती. ती म्हणाली, "अर्धा हाय."

तुका हसला. मग हसला नाही. त्यानं बायडीकडं डबी केली. बायडीनं सकूकडं पाहिलं, सकू काहीच बोलत नव्हती, आणि ह्या न बोलण्यानंच बहुधा बायडी बुचकळ्यात पडली. तिनंही हात पुढं केला नाही. गोजाबाई म्हणाली, "आमाला काय समजत नाय त्यातलं," आणि मागं सरली. तुका वही काखेत मारून चढला. "मग बसा," तो म्हणाला.

टँकर दोन दिवसांनी आला नाही. चौथ्या दिवशीही आला नाही. विहिरीत चिखल वाळून भेगा पडायला लागल्या. बायकांना ओढ्यातल्या झिऱ्यावर जावं लागलं. उतार उतरून अर्धा तास, वाळूत खड्डा करायचा आणि वाटीनं पाणी भरायचं, एक हंडा भरायला तास. बायडी सकूच्या दारासमोर येऊन उभी राहिली. "अर्धा तर अर्धा, येत तर होता! तू तोंड वाजवलंस तेवढं पुरं नव्हतं?"

आता सांगण्यासारखं खूप होतं. गुडघा सुजला होता, झिऱ्यावरून येताना ती दोनदा बसली होती, कळशी एकदा उपडी झाली होती. सकू म्हणाली, "बाय, माझं चुकलं आसंल. पन अंगठा खोटा देनार नाय." बायडीनं रिकामा हंडा काखेत घेतला. ती गेली. त्या दिवशी झिऱ्यावर सकूशेजारी कोणी बसलं नाही. वाटी खरवडण्याचे आवाज तेवढे येत होते. ऊन पाठीवर आणि पाणी मुंगीच्या पायानं वर येतंय. सकूला हेमराजची आठवण आली. मग कविताची आली, आणि ती जास्त वेळ थांबली. ही पोर रोज ह्या सगळ्यात उभी होती आणि आपण तिच्या हंड्यात दोन बोटं पाणी कमी आहे एवढंच पाहिलं.

सातव्या दिवशी पांढरी गाडी आली. वहीवर अंगठे नाहीत म्हणून बिल अडलं होतं, आणि अंगठे का नाहीत हे बघायला एक साहेब आले होते, सोबत ते कारकून. मागून टँकर, तुका खाली मान घालून. पाडा सगळा विहिरीवर जमला. साहेबांनी विचारलं, "पाण्याची अडचण काय आहे?"

कारकुनांनी सकूला ओळखलं आणि चष्मा कपाळावरून खाली ओढला. त्यांना भीती वाटली असावी की आता शेळीपासून सुरू होणार.

सकू पुढं आली. घरातल्या घरात बोलणं वेगळं. इथं वाक्य तोंडातून निघालं की कोणीतरी ते लिहिणार होतं. तिनं मनातल्या मनात एकेक बाजूला सारलं. गुडघा. वास. हसणं. बोटसुद्धा. हातात एकच राहिलं.

"साहेब, टँकर अर्धा येतो. अर्धा तिकडं वळनावर बंगल्याच्या टाक्यांत उतरतो. मी माळावरून बघितला. वहीतले आधीचे अंगठे माझे हायेत आन ते खोटे हायेत. अर्ध्यावर मी पुऱ्याचे दिले. त्याचं काय करायचं ते करा."

आणि ती गप्प बसली. साहेब आणखी काही येईल म्हणून थांबले. आलं नाही.

"दुसरं कुणी पाहिलं?"

कुठंतरी शेळी ओरडली. मग गोजाबाई पुढं आली, पदर दातात धरून. "मी बी बघितलाय. दोनदा. करवंदं तोडताना. बोलले नाय, टँकर बंद पडंल म्हनून." ती सकूकडं बघत नव्हती. "ही बोलते म्हनून मी गप राहिले. मला वाटलं, हिचं बोलनं पुरं हाय."

साहेबांनी लिहून घेतलं. वळणावर जाऊन टाक्यांचे फोटो काढले. तुकानं जाताना सकूकडं एकदा पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग होता आणि थोडं आश्चर्यही. सकूला त्याचं वाईट वाटलं. पाइप त्यानं ओढला होता खरा, पण बंगलेवाल्याशी बोलणारा कोणी वेगळाच असणार, आणि तो काही विहिरीवर आला नव्हता.

दुसऱ्या चालकानं टँकर आणला, तो तिसऱ्या दिवशी. पाणी सोडलं तेव्हा ते तळापासून तिसऱ्या दगडाला टेकलं. गढूळच होतं, वासही होता. सकूनं अंगठा दिला आणि काही म्हणाली नाही. बायका भरत होत्या, कोणी तिचं कौतुक केलं नाही, पण बायडीनं तिच्या कळशीसाठी दोर सोडला आणि ओढून दिली. एवढंच. संध्याकाळी चार घरांतून धुराचे खांब वर चढले. सकूच्या घरी माणूस एकच होतं, त्यामुळे एवढं पाणी घेऊन काय करायचं हे तिला सुचेना. तिनं अंगणात शिंपडलं.

मग ती गोजाबाईकडं गेली आणि म्हणाली, "तुझा फोन दे जरा. हेमराजला लावायचाय."

गोजाबाईनं फोन लावून दिला आणि शेळी बांधायला गेली. ह्या वेळी शेळी होती.

"हां, बोल," हेमराज म्हणाला. त्याच्या आवाजात आधीच थकवा होता. मागं काहीतरी घणघणत होतं. "काय झालं आता?"

सकूजवळ सांगायला पुष्कळ होतं. सात दिवसांचा झिरा होता, गुडघा होता, कचेरीत हसलेला माणूस होता. शिवाय ती जिंकली होती, तेही होतं. "काय नाय," ती म्हणाली. "पानी आलं विहिरीला. पुरं आलं."

"बरं."

"कविताला दे ना."

थोडा वेळ नुसती घणघण. मग कविताचा आवाज, लांबून आल्यासारखा. "आत्या, बऱ्या हाव ना?"

"तुझा हात कसा हाय?"

"बरा हाय."

सकूच्या तोंडात पुढचं वाक्य तयार होतं. तिनं ते गिळलं आणि थांबली. थांबणं तिला जड गेलं. फोनमध्ये कोणीच बोलत नव्हतं. पैसे संपले की काय असं वाटून ती विचारणार, तेवढ्यात कविता म्हणाली, "दुखतो. जे बोट नाय तेच दुखतं. रोज."

"मग?"

"मग काय. सिमेट लागला का चुरचुरतं. इथं पत्र्याची खोली हाय, दुपारी आत बसवत नाय. पान्याला इथं बी रांगच हाय. सकाळी चारला उठावं लागतं. आन बायका हिंदी बोलतात, मला नाय समजत, त्या माझ्याकडं बघून हसतात..."

आणि कविता बोलत सुटली. तीन वर्षांत ती एवढं कधी बोलली नव्हती. मुकादम कसा ओरडतो, हेमराज थकून आला की जेवता जेवताच झोपतो, भाताला चव नाही, पोटात कधीकधी मळमळतं, आईकडचं कोणी मेल्याचं कळलं पण जाता आलं नाही. मध्येच तिचा आवाज चिरला आणि ती थांबली. "तुमाला कशाला सांगते मी," ती म्हणाली.

"नाय, सांग," सकू म्हणाली. "आनिक सांग."

गोजाबाई शेळी बांधून परत आली, फोन अजून चालू आहे हे पाहून उंबऱ्यावरच बसली. सूर्यमाळच्या बाजूला ऊन लाल होऊन चढत होतं. आवणीला येणार का, हे सकूनं विचारलं नाही. तिचा एक कान तापला होता. तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.